खरवडबाईंचा उजवा हात

प्रयोगशाळेत त्यांना समोर सगळे बाई म्हणत आणि पाठीमागे खरवडबाई. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. लोकांच्या तळपायांवरची, बोटांच्या बेचक्यांतली खपली बोथट पात्याने खरवडायची, काचेवर पोटॅशच्या थेंबात ती विरू द्यायची आणि मायक्रोस्कोपखाली बुरशीचे तंतू शोधायचे, हे त्या सव्वीस वर्षं करत होत्या. एकाच तळहाताची तक्रार घेऊन आलेल्यालाही त्या आधी बूट काढायला लावत. चोर बहुधा पायात दडलेला असतो, असं ऐटीत सांगत. कुणी मलम चोपडून आला, तर त्याची बिनपाण्याने होत असे. मलमाने तंतू गायब होतात आणि काच खोटं बोलते.

मग त्यांचाच उजवा तळहात कोरडा पडला. रेषा खडूने गिरवल्यासारख्या पांढऱ्या दिसू लागल्या. बाईंनी दुकानातून मलम आणलं आणि तीन आठवडे इमानाने चोळलं. मग एका दुपारी डब्याआधी स्वतःची खपली काढून पाहिली. काच स्वच्छ होती. म्हणजे पोटॅशचीच ॲलर्जी, दुसरं काय! सव्वीस वर्षांच्या सेवेचं हे फळ, असं म्हणत त्यांनी प्रयोगशाळेच्या साहेबांना सांगितलं, की हाताचं निदान झालंय, ॲलर्जी निघाली. कोणी केलं, ते काही बोलल्या नाहीत. थोडी हळहळ व्हावी, एवढीच अपेक्षा होती. साहेबांनी मात्र फारच मनावर घेतलं. एक तारखेपासून बाईंनी नोंदणीच्या खिडकीवर बसावं, असा आदेश काढला.

खिडकीवर लोकांची नावं आणि वयं विचारायची होती. माणसाचं खरं काय ते काचेवर कळतं, असं मानणाऱ्या बाईंची जेवणावरची वासनाच उडाली. शेवटच्या आशेने त्या त्वचारोगाच्या नव्या डॉक्टरणीकडे गेल्या. ती त्यांच्या लेकीच्या वयाची होती.

"दुसरा हात?"

"ठणठणीत आहे, मॅडम."

"मलम लावत होता?"

बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरचा महिना वाचून काढला. "थोडंसं."

"बूट काढा, बाई."

दोन्ही तळपाय कडेपर्यंत पिठात बुडवून काढल्यासारखे होते, अंगठ्यांची नखं पिवळी आणि जाड. वय झालं की असं होतंच, अशी बाईंनी स्वतःची समजूत घातली होती. डॉक्टरणीने दोन आठवडे मलम बंद करायला सांगितलं. ते दोन आठवडे बाईंनी मुठी आवळून काढले. मग डॉक्टरणीने हाताची आणि पायांची खपली घेतली, थेंब टाकला, भिंग जुळवलं आणि खुर्ची बाईंकडे सरकवली.

लांब, फांद्या फुटलेले, ठळक तंतू होते. हाताच्या काचेवर आणि पायांच्याही. इतकी सुरेख काच बाईंनी वर्षभरात पाहिली नव्हती.

"आहे, मॅडम," त्या म्हणाल्या. लेक पास झाल्याचं सांगतानाही त्यांचा आवाज इतका हळवा झाला नव्हता.

तीन महिन्यांचं औषध, रोज धुतलेले मोजे आणि कामाला हातमोजे एवढ्यावर भागलं. अहवाल वाचून साहेबांनी आदेश रद्द केला, पण ते वैतागलेच होते. ॲलर्जीचं निदान केलं तरी कोणत्या शहाण्याने, असं त्यांनी विचारलं.

"आपल्यातलंच कुणीतरी होतं, साहेब," बाई म्हणाल्या. "समज देऊन झाली आहे."