न हरवलेल्या बकरीची फिर्याद

त्या बकरीची आठवण झाली की आजही जीव गलबलतो. खरं म्हणजे बकरी हरवलीच नव्हती, आणि हे ठाण्यात दोघांनाच माहीत होतं. एक ती बाई आणि दुसरा मी.

निजामी जाऊन काही वर्षं झाली होती. मी परतूरला फौजदार होतो, पण लोकांच्या तोंडी फौजदारासाठी अजून जुना ‘अमीनसाब’च होता. एका सकाळी हजेरी आटोपली आणि तिशीतली एक बाई पदर घट्ट धरून आत आली. बकरी हरवली म्हणाली. मुन्शी लिहायला बसला, तर तिला बकरीचा रंगच सांगता येईना. जिची बकरी खरंच हरवते ती रंगच काय, बकरीचे सगळे नखरेही न विचारता सांगते. मी मुन्शीला चहा सांगायला बाहेर पाठवलं.

“बकरी न्हाई हरवली, अमीनसाब,” ती हळूच म्हणाली. “ठाण्यात कामून गेल्ती म्हणून कुणी इचारलं तं सांगायला कायतरी पाह्यजे. आमचे धनी घनसावंगीची मोटार चालवतेत. त्यांचे डोळे गेलेत.”

“दिसतच नाही?”

“समोरचं दिसतं, बाजूचं न्हाई. ताटातली भाकर दिसते, ताटाजवळचा तांब्या न्हाई. काल लेक रांगत बाजूनं आली तं तिच्या हातावर पाय पडला. मोटारीपुढं दुसऱ्याचं लेकरू आलं तं मंग?”

नुकतीच आमच्या भागातल्या सगळ्या ड्रायव्हरांची जालन्याला वैद्यकीय तपासणी झाली होती, आणि हिचा नवरा त्यात पास होता. तसं मी तिला सांगितलं.

“ते कसं झालं मला न्हाई ठाऊक. पन मोटार थांबवा. आन् माझं नाव घेऊ नका, तुम्हाला माझ्या लेकीची आन हाये.”

तिचं नाव घेतलं असतं तर काम सोपं होतं. पण मी शब्द दिला होता, त्यामुळे दुसरी वाट शोधणं आलं. मोटारीचा मागचा दिवा जळत नाही म्हणून मी ती त्याच दिवशी ठाण्याच्या आवारात लावून घेतली. कायद्यात बसणारी अडवणूक पोलिसाला शिकवावी लागत नाही. मोटारवाला शेठ पाय आपटत आला आणि तसाच गेला.

मग रेल्वेने जालना गाठलं. डॉक्टर नवे होते, कामाला चोख. म्हणाले, “त्या माणसाचे डोळे तर पोरासारखे आहेत. चाळिशी उलटलेली, म्हणून मी थेंब घालून आतूनही पाहिले. आठवडाभर जवळचं धूसर दिसेल, मोटार चालवू नकोस, असं बजावलं होतं.”

मी चमकलो. कारण हा गडी दुसऱ्याच सकाळी मोटार घेऊन घनसावंगीच्या बाजाराला गेला होता, आणि अर्धं परतूर तीत बसलं होतं. थेंब भलत्याच डोळ्यांत पडले होते हे उघड होतं. पण कोणाच्या?

याचं उत्तर मला आमच्या जमादाराने शिवायला टाकलेल्या विजारीने दिलं. मी परत आलो तेव्हा तो शिंप्याच्या नावाने बोटं मोडत होता. “साहेब, ऐन लग्नसराईत दुकान बंद करून बसलाय. म्हणतो डोळे आलेत. पन डोळे लाल तं बिलकुल न्हाईत! ओलं फडकं बांधून अंधारात बसून राह्यलाय.”

हा शिंपी त्या ड्रायव्हरचा धाकटा भाऊ. दोघांचा चेहरा इतका सारखा की बाजारात लोक एकाला पाहून दुसऱ्याला हाक मारत.

मी त्याला बोलावून घेतलं. ओसरीवरच्या उन्हात त्याने डोळे गच्च मिटले. मी काहीही विचारलं नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला? सुई आणि दोरा त्याच्या हातात दिला आणि म्हणालो, “ओव.”

त्याने दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि ओवायला गेला. दोरा सुईच्या शेजारून गेला. पुन्हा तसंच झालं. मग त्याने सुई जपून खाली ठेवली आणि हमसून रडू लागला. कोणीही त्याच्यावर हात उगारला नव्हता. माणूस जिभेने वाटेल तेवढं खोटं बोलतो, पण जन्मभराच्या कामात हाताला खोटं बोलता येत नाही.

“बाप गेला तवा दादानंच वाढवलं,” तो म्हणाला. “मशीनबी त्यानंच घेऊन दिल्ती. तपासणीचा हुकूम आला तसा माझ्याकडं आल्ता. बोलला काहीच न्हाई, नुस्ता बसून राह्यला. मंग मीच म्हन्लो, दादा, तोंड एकच हाये, मी जातो. मागच्या सालीबी मीच गेल्तो. साहेब, म्या त्याला माझे डोळे दिले, दुसरं काय केलं?”

मी जबाब लिहून घेतला. थोरल्याला आणलं तेव्हा आधी तो डॉक्टरचा दाखला पुढे करत राहिला. भावाला कोपऱ्यात बसलेला पाहिलं आणि त्याने दाखला खाली ठेवला. “त्याला सोडा, म्याच पाठवलं,” हा म्हणे. “न्हाई, मीच गेलो,” तो म्हणे. गुन्हा आपल्या अंगावर ओढून घेण्यासाठी दोन माणसं भांडताना मी नोकरीत तेवढीच पाहिली.

थोरल्याला त्याच डॉक्टरांकडे तपासायला नेलं. बाहेर येऊन ते चष्मा पुसत म्हणाले, “काचबिंदू आहे. गेलेली नजर येत नाही. वर्षभर आधी हा स्वतः येऊन बसला असता, तर बरीच वाचली असती.”

ज्या तपासणीला तो भ्याला, तीच त्याच्या उपयोगाची होती. हे त्याला मीच सांगितलं.

तोतयेगिरीबद्दल धाकट्याला काही महिन्यांची कैद झाली. सुटल्यावर तो हैदराबादकडे गेला तो परतलाच नाही. थोरल्याला दंड झाला आणि त्याचं मोटार चालवणं कायमचं सुटलं.

पुढे माझी बदली झाली. काही वर्षांनी कामानिमित्त परतूरला गेलो, तेव्हा बाजारात ती नवराबायको दिसली. तो पुरता आंधळा झाला होता आणि ती त्याचा हात धरून चालवत होती. माझा आवाज त्याने लगेच ओळखला.

“अमीनसाब, एवढं सांगा. तवा चुगली कुणी केल्ती? माझी रोजी गेली, भाऊ गेला. ज्यानं सांगितलं त्याच्या घरात दिवा लागू नये!”

ती शेजारीच उभी होती. मागून बैलगाडी येत होती, म्हणून तिने त्याला हलकेच बाजूला घेतलं. मी म्हणालो, “खबर देणाऱ्याचं नाव पोलीस सांगत नसतात.”

तो ओट्यावर टेकला आणि ती पाणी आणायला निघाली. मी तिला जरा पुढे गाठलं. “हे रोज ऐकतेस? मी सांगतो त्याला. तुझ्यामुळे त्याच्या हातून कोणाचं लेकरू गेलं नाही, हे त्याला कळलं पाहिजे.”

नोकरीभर मी खबऱ्यांकडे जरा तुच्छतेनेच पाहणारी माणसं पाहिली. वैरी, नाहीतर लालची, एवढीच त्यांची जात, असा समज असतो. या बाईने मला शिकवलं की कधीकधी ज्याचं सगळं जाणार असतं, तोच ठाण्याची पायरी चढतो. आणि पोटाची भीती असली की माणूस वैद्यापासूनसुद्धा आपलं दुखणं लपवतो, हेही मी त्याच घरात शिकलो.

तिने मान हलवली. “नगा सांगू, अमीनसाब. कळलं तं माझा हात सोडतील. मंग चालतील कसे?”

ती पाणी घेऊन परत गेली. त्याने चाचपत तांब्या घेतला, पाणी प्याला आणि उठताना सवयीने हात पुढे केला. तिने तो धरला.