टोक घासलेले चाकू

माझ्या मोठ्या बहिणीवर अन्याय झाला. यंदाच्या भोगीला, दुपारचा भोंगा व्हायच्या थोडे आधी, आमच्या वस्तीपलीकडच्या कापसाच्या जिनात तिचा पदर फिरत्या शाफ्टमध्ये गेला, आणि तो कापायला भोवती जमलेल्या एकाही बाईच्या कमरेला चाकू नव्हता. त्यांचे सगळे चाकू मॅनेजरच्या खोलीतल्या कपाटात कुलपात होते. ते तिथे कसे गेले तेच मला सांगायचे आहे. तिचे नाव लिहीत नाही. "पोरीचं नाव रस्त्यावर वाटू नको," एवढेच बाबा म्हणाले, आणि त्यांचे एवढे तरी मी ऐकतो.

माझा हात पत्रकांवर बसलेला आहे. पत्रकात वाक्य आखूड लागते, शत्रू समोर लागतो आणि तळाला सभेची जागा लागते. बहिणीविषयी कसे लिहायचे ते मला कुणी शिकवले नाही. जमेल तसे लिहितो.

आई गेल्यावर तिनेच मला वाढवले. तिचे लग्न झाले होते, पण नवरा साथीत गेला आणि ती माहेरी परत आली. बाबांचा हातमाग होता, अजून आहे. गिरणीच्या कापडापुढे त्याच्यावर घर चालेना, तेव्हा अक्का जिनात जाऊ लागली. संध्याकाळी परत यायची तेव्हा केस, भुवया, पापण्या सगळे रुईने पांढरे. "म्हातारी आली," मी म्हणायचो. ती माझ्यापुढे पाठ करून बसायची आणि म्हणायची, "मग काढ ना गा म्हातारपण, पाहून काय राहिला?" मी तिच्या केसांतली रुई वेचायचो.

जिनात बाया काय करतात हे वाचणाऱ्यांतल्या पुष्कळांना ठाऊक नसेल. रेच्यांची, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांची, लांब रांग असते. त्यांत कापूस घातला की रुई एका अंगाला पडते, सरकी दुसऱ्या. सरकी ओढायला मागच्या अरुंद बोळात वाकावे लागते, आणि त्याच बोळातून, गुडघ्याच्या उंचीवर, सगळे रेचे फिरवणारा लोखंडी दांडा जातो. तोच शाफ्ट. त्याच्यावर जाळी नाही, फळी नाही. हवेत रुई, पायाखाली सरकी, अंगावर नऊवारी लुगडे. पदराचे टोक शाफ्टला लागले की तो उरलेले लुगडे ओढून घेतो. लुगडे संपले की बाई.

म्हणून जिनातल्या बायांनी आपल्या आपण एक रिवाज पाडला होता. प्रत्येकीच्या कनवटीला चाकू. तो कसा असावा हे त्यांनी ठरवले होते, आणि मला ते कळले एका बाजाराच्या दिवशी.

मी चळवळीच्या ज्या मंडळात होतो त्याने मला पत्रके देऊन रामटेककडच्या खेड्यांत धाडायचे ठरवले होते. अक्का म्हणाली, रानातून फिरशील, जवळ काही तरी असू दे. आम्ही निघालो. इतवारीच्या बाजारात एका दुकानात मी थबकलो. हाडाच्या मुठीचा, मिटणारा, विलायती चाकू होता. दोन पाती, एक छोटी करवत, आणखी काय काय.

"काहून गा," अक्का म्हणाली, "पत्रकात स्वदेशी अन् खिशात विलायती?"

"पाहून राहिलो फक्त."

"अन् हा पिळाचा काटा कायचा?"

"बाटलीचं बूच काढाले," दुकानदार म्हणाला.

"वा रे वा! दारूच्या दुकानापुढं धरणं धरणार अन् बूच काढाचं सामान संग नेणार!"

दुकानदार हसला. मी चाकू खाली ठेवायला गेलो तर तिने अडवले. "ठेवू नको. उघडून दाखव. एका हातानं." मला उघडेना. पात्याच्या खाचेत नख घालायला दुसरा हात लागतोच. "एक हात काट्यात अडकला, सापानं धरला, त मग हा कोण उघडीन? तुहा सायब?"

पुढे शुक्रवारी नावाच्या तलावाच्या काठी घिसाड्यांची पालं होती. तिथे ती उकिडवी बसली आणि एकेक चाकू नखाने वाजवून पाहू लागली. बद्द वाजला तो बाजूला. मुठीत पाते अर्धेच गेलेले दिसले, तोही बाजूला. ओल्या हातात असली मूठ निसटून पाते तेवढे उरते, म्हणाली. पाते मुठीच्या शेवटापर्यंत असावे, मूठ लाकडाची, मागे दोरीचे भोक. लांबी वितीच्या आत, नाहीतर वाकताना पोटात रुततो. मिटणारा नको, चामड्याच्या म्यानातला हवा. धार अशी, की लोंबती ओली चिंधी एका हिसक्यात तुटली पाहिजे. चिंधी तिने घरूनच आणली होती. असे दोन निवडले. एक माझ्या हातात दिला आणि दुसरा, स्वतःसाठीचा, घिसाडणीला परत केला.

"याचं टोक घासून दे."

"काय?" घिसाडीण चिडली. "एवढं टोक काढलं, अन् ही बाई म्हणते मोड!"

"मोडू नको वं. गोल कर. बोटाच्या शेंड्यावानी."

ते काम तिथे बसून तिने करून घेतले. वाटेत मी विचारले तेव्हा तिने स्वतःच्या मनगटाला चिंधी आवळून बांधली आणि ते गोल टोक चिंधीखाली सरकवले. कातडीवर ओरखडासुद्धा उठला नाही. मग धार बाहेरच्या अंगाला करून तिने एक हिसका दिला. चिंधी खाली पडली.

"गळ्याले फास बसला की जागा एवढीच राहते," ती म्हणाली. "टोकाचा चाकू घातला त गळा सोडवता सोडवता गळाच कापणार."

एकदा तो उपयोगी पडला. तिच्या शेजारी काम करणारी एक बाई शाफ्टकडे ओढली गेली. अक्काने तिचा पदर मानेपासून कापला. बाई उरलेले लुगडे सावरत उठली आणि आधी रडली, मग भांडायला लागली.

"नवं लुगडं होतं वं माह्यं!"

"अन् मान का जुनी होती?"

हे त्या दोघी आमच्या ओट्यावर बसून सांगायच्या आणि इतक्या हसायच्या की बाबा मागावरून ओरडायचे, धागा तुटला म्हणून.

पुढे संप झाला. पुरुषांच्या मागण्या पुष्कळ होत्या. बायांची एकच: शाफ्टवर जाळी. मॅनेजरने वर्तमानपत्रात छापून आणले की कामकरी बाया हत्यारे घेऊन कारखान्यात येतात, रक्तपाताची भीती आहे. आमच्या मंडळाचे अध्यक्ष वकील. त्यांना हे फार लागले. आपली चळवळ शांततेची, आपल्यावर डाग नको. ते मॅनेजरकडे गेले आणि तोड काढून आले. बायांनी चाकू आपण होऊन जमा करावे. कारखाना बंद असतो त्या महिन्यांत शाफ्टवर जाळी बसेल. मैदानावर सभा झाली. टेबलावर खादीचे वस्त्र अंथरले. बाया हलेनात. सगळ्या अक्काकडे पाहू लागल्या, आणि अक्काने पुढे होऊन पहिला चाकू ठेवला.

त्या ढिगातला एक चाकू तरी कुणी हातात घेऊन पाहायचा होता! वकिलांनी पाहायचा होता, वर्तमानपत्रवाल्याने पाहायचा होता. एकालाही टोक नव्हते. ज्याला टोकच नाही तो भोसकायचा कसा? पण टाळ्या पडल्या, "स्त्रियांचा नैतिक विजय" म्हणून मथळा आला, आणि ढीग मॅनेजरच्या कपाटात गेला.

मी तेव्हा काटोलला होतो. परत आलो तर ही मजेत भाकरी थापत होती.

"दिला?"

"दिला."

"काहून वं अक्का? तूच त म्हणायची, झोपतानाही काढू नये."

"जाळी बसून राहिली ना गा. जाळी बसल्यावर चाकू कायले पाहिजे?"

"अन् नाही बसली त?"

"वकीलसाहेब खोटं बोलतीन का? एवढा शिकेल माणूस." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुह्याच मंडळाचा शब्द हाय. तुले नाही पटत?"

"मंडळाचा शब्द पटते. मॅनेजरचा कोणी पाह्यला?"

"जेव आधी," ती म्हणाली. "उपाशीपोटी तुले सगळेच चोर दिसतात."

हंगाम सुरू झाला. जाळी नव्हती. वकिलांनी पत्र लिहिले. सामान यायचे आहे, असे उत्तर आले. बायांनी चाकू परत मागितले, तर मॅनेजर म्हणाला, करार झाला आहे, तुमच्याच पुढाऱ्यांनी केला आहे. शिवाय फाटकावर झडती सुरू झाली. एक बाई ठेवली, ती प्रत्येकीची कंबर चाचपायची. अक्का त्या बाईचीही थट्टा करायची. "गुदगुल्या नको करू वं, कामावर जायचं हाय." पण घरी आल्यावर बोलणे कमी झाले होते. पदर दोन वेळा खोचायची, मग वरून दोरी बांधायची.

भोगीच्या सकाळी ती न्हाऊन गेली. अंगावर बाबांनी विणलेले लुगडे होते.

पुढचे मला त्या शेजारणीने सांगितले, जिची मान अक्काने सोडवली होती. ती आमच्या दाराशी आली तेव्हा तिचे ओठ फाटलेले होते.

"सरकी ओढाले वाकली अन् दोरी सुटली, भाऊ. पदर गेला. मी धरलं तिले. दोघी-तिघींनी धरलं. एकजण इंजिनघराकडे धावली, पण ते त दुसऱ्या टोकाले, अन् आवाजात कोण ऐकते? चाकू, चाकू करून ओरडून राहिलो सगळ्या, अन् चाकू कोणापाशीच नाही. पत्र्यानं घासलं. नाही तुटलं. मग मी दातानं तोडाले लागली." ती खाली बसली. "फाटलं असतं त वाचली असती. पण ते लुगडं फाटेचना गा."

बाबा मागावर बसले होते. त्यांनी सगळे ऐकले. कुणी काही विचारले नव्हते तरी म्हणाले, "दाट विणलं मी."

आंघोळ घालताना बाया तिच्या केसांतली रुई वेचत होत्या. मी बाहेर उभा होतो. मला आत जाऊन सांगायचे होते की ते काम माझे आहे. रिवाज नाही म्हणून गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. गच्च्यांवरून पतंग उडत होते, "ओ काट, ओ काट" म्हणून कापलेल्या पतंगांमागे सगळे शहर ओरडत होते. बाबांनी घराची खिडकी लावून घेतली. तेव्हापासून मागावर ते बसले नाहीत. अर्धे विणलेले कापड तसेच आहे. मी त्यांना समजावतो की दाट विणणे हा गुन्हा नाही, आयुष्यभर लोक तुमच्याकडे दाट विणता म्हणूनच आले. ते मान हलवतात. समजले म्हणून हलवत नाहीत, मी गप्प बसावे म्हणून हलवतात.

चौकशी झाली. ठरले असे की मयत बाईने वस्त्र निष्काळजीपणे नेसले होते. जी बाई दोन वेळा पदर खोचून वर दोरी बांधत होती ती निष्काळजी, आणि ज्याने शाफ्ट उघडा ठेवून चाकूंना कुलूप लावले तो माणूस अजून खुर्चीवर आहे! शाफ्ट अजून उघडा आहे. चाकू अजून कपाटात आहेत. मॅनेजरचे मला नवल नाही. तो त्याच्या मालकाचा माणूस. पण आमच्या मंडळाने शोकसभा घेतली, तिच्या गळ्यापेक्षा जास्त महाग हार आणला, आणि वकीलसाहेब म्हणाले, या भगिनीने शांततेच्या तत्त्वासाठी आत्मार्पण केले.

मी उठलो. म्हणालो, "तिने काही अर्पण केले नाही. तिला जाळी देतो म्हणून तुम्ही तिचा चाकू घेतलात. चाकू दिलात मॅनेजरला आणि जाळी कुणी आणली नाही."

"आपल्या भावना मी समजू शकतो," वकील म्हणाले. "आपण बसा."

मी बसलो नाही, बाहेर पडलो. दारात ती शेजारीण उभी होती; तिला आत जागा मिळाली नव्हती. "काय म्हणून राहिले गा आत?" तिने विचारले. ती त्याच जिनात, त्याच बोळात, दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर जाणार होती, आणि तिची कंबर फाटकावर पुन्हा चाचपली जाणार होती. अक्कासाठी मी आता काही करू शकत नाही. हिच्यासाठी करू शकतो.

मंडळाचा छापखाना मला आता बंद आहे. हे मी दुसरीकडे छापून घेतो आहे आणि तुमच्या हातात देतो आहे. तुम्ही रडावे म्हणून देत नाही. आता हंगाम संपला आहे; दसऱ्यानंतर जिनाचे भोंगे पुन्हा वाजतील. पहिल्या सकाळी फाटकावर या. एकटे येऊ नका, घरातल्या बायांना घेऊन या. मॅनेजरला म्हणा, शाफ्ट दाखव, आम्हाला डोळ्यांनी पाहायचा आहे. जाळी नसली तर म्हणा, कपाट उघड. आणि प्रत्येक बाईचा चाकू तिच्या हातात पडेपर्यंत तिथून हलू नका.