अँटेनावरचा अमेरिकन कोंबडा

माझी सरकारी नोकरी एका अमेरिकन कोंबड्यामुळे जाता जाता राहिली.

कोंबडा खरा नव्हे, झेंड्यावरचा. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही पंचवटीत राहायचो. मी एका सरकारी कचेरीत कारकून होतो आणि हेडक्लार्कच्या बढतीसाठी माझी फाइल साहेबांच्या टेबलावर होती. (तीन वर्षं होती. तिच्यावर साहेब चहाची बशी ठेवायचे.) अशातच माझा मेहुणा मधुकर ओझरच्या विमान कारखान्यातली नोकरी सोडून अमेरिकेला गेला. गेला तो, पण गल्लीत कॉलर माझी ताठ झाली!

सहा महिन्यांनी त्याचं पार्सल आलं. सगळी गल्ली ओट्यावर जमली. मी कात्रीनं दोरी कापली, आणि आतून निघाला चादरीएवढा पिवळाधमक झेंडा! त्यावर लालभडक कोंबडा. छाती फुगवलेली, डोक्यावर टोपी, खांद्यावर जाडजूड दांडकं. सोबत चिठ्ठी होती: ‘दाजी, हा आमच्या गावच्या बेसबॉल टीमचा झेंडा. इथे सगळे घरावर लावतात.’

“मी मिक्सर पाठव म्हटलं होतं,” सुशीला म्हणाली. “आणि यानं कोंबडं पाठवलं?”

“अगं, तिकडे लोक या कोंबड्यावर जीव ओवाळून टाकतात!”

“टाकू देत. चटणी मलाच पाट्यावर वाटायचीय ना!”

बायकांना जागतिक दृष्टी नसते, असं मी मनात म्हणालो (मोठ्यानं म्हणायची माझी छाती नव्हती) आणि गच्चीवर गेलो. तिथे आमची टीव्हीची अँटेना होती. टीव्ही नव्हता. टीव्हीला पैसे पुरेनात म्हणून निदान अँटेना तरी आधी उभारली होती, म्हणजे लोकांना वाटावं की आहे. त्या अँटेनाच्या बांबूला मी झेंडा बांधला. तो फडफडायला लागला तसा मीही फडफडायला लागलो. “क्रिकेट म्हणजे पोरखेळ हो,” मी येईल त्याला ऐकवायचो, “आपण बेसबॉलवाले!” बेसबॉल कशाशी खातात, हे मला ठाऊक नव्हतं. विचारणाऱ्यालाही ठाऊक नसल्यामुळे माझं छान चाललं होतं.

पंधरा दिवसांनी निवडणुकीची चिन्हं वाटली गेली. सायखेड्याकडचे एक बापूसाहेब अपक्ष उभे होते, त्यांना कोंबडा मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत असताना दारात जीप थांबली. बापूसाहेब स्वतः उतरले आणि माझ्या साबण लागलेल्या गळ्यात हार घातला.

“राव, मानलं तुम्हाला! आमचे झेंडे अजून शिंप्याकडं हायेत, अन् तुमचा पंधरा दिवसांपासून फडकतोय! चिन्ह मिळायच्या आधी! लय मोठी निष्ठा!”

“अहो बापूसाहेब, तो आपला नाही. तो अमेरिकेचा—”

“अमेरिकेचा?” बापूसाहेब जीपकडे वळून ओरडले. “ऐकलं का रे? आपल्याला अमेरिकेचा पाठिंबा हाय!”

त्यांचे कार्यकर्ते झेंडा पाहायला गच्चीवर चढले आणि नाचतच खाली आले. कोंबड्याच्या खांद्यावरचं दांडकं त्यांना भलतंच आवडलं होतं. सरकारनं दिलेला कोंबडा अगदीच गरीब, नुसता उभा. हा कसा, तयारीनं आलेला! संध्याकाळपर्यंत पेंटर कामाला लागला आणि दोन दिवसांत पंचवटी कारंजापासून आडगाव नाक्यापर्यंत भिंतीभिंतीवर दांडकेवाला कोंबडा उभा राहिला. खाली ओळ: ‘विचार करून मत द्या!’

आता मला घाम फुटला. सरकारी नोकरानं प्रचार केला तर निलंबन, असं परिपत्रक होतं. ते मीच टाइप केलं होतं. मी झेंडा काढायला गच्चीवर गेलो, तर खालून बापूसाहेबांचा एक कार्यकर्ता हाक मारतो, “काय काका, उतरवताय? समोरच्यांनी किती दिले?” मी म्हणालो, “छे हो, गाठ घट्ट करतोय.” आणि खरंच केली. झेंडा ठेवला तर नोकरी जाणार, उतरवला तर हे लोक मला उतरवणार. इकडे आड, तिकडे विहीर!

“साहेबांना जाऊन खरं सांगून टाका,” सुशीला म्हणाली.

“काय सांगू? टीव्ही नसताना अँटेना लावली, आणि खेळ येत नसताना झेंडा?”

“खरं तर तेच आहे.”

सांगायची वेळ आलीच नाही. विरोधी उमेदवारानं लेखी तक्रार ठोकली: ‘कोंबड्याच्या खांद्यावर दंडुका दाखवून मतदारांना दहशत घालण्यात येत असून सदर दंडुक्याचा उगम एका शासकीय कर्मचाऱ्याच्या गच्चीवर आहे.’ शनिवारी सकाळी नायब तहसीलदार, एक शिपाई आणि पंचनाम्याचे कागद आमच्या अंगणात हजर! मागे अख्खी गल्ली. पंच म्हणून शेजारचे देवरे मास्तर. मास्तरांचा माझ्यावर जुना राग होता, कारण त्यांच्याकडे खरा टीव्ही होता.

“हा झेंडा कोणत्या पक्षाचा?” नायब तहसीलदारांनी विचारलं.

“पक्षाचा नाही, साहेब. बेसबॉलचा. खेळ आहे अमेरिकेतला.”

“पुरावा?”

मी मधुकरची चिठ्ठी शोधायला आत धावलो. चिठ्ठी सुशीलानं मसाल्याच्या डब्याखाली घातली होती. तिच्यावर तेल आणि हळद एवढी मुरली होती की ‘दाजी’ सोडून एक अक्षर लागत नव्हतं.

“साहेब, हे म्हणतात ते खोटं नाही,” देवरे मास्तर गोड आवाजात म्हणाले. “यांचा बेसबॉलचा अभ्यास फार दांडगा आहे. रोज आम्हाला ऐकवतात. खेळूनच दाखवतील ना!”

“दाखवा,” नायब तहसीलदार साहेब म्हणाले आणि खुर्चीत बसले.

बायको आत गेली आणि कपडे धुवायचं धोपाटणं घेऊन आली. चेंडू म्हणून मोज्यांचा गोळा केला. मी कोंबड्याकडे पाहून पाहून धोपाटणं खांद्यावर घेतलं, छाती फुगवली. टोपी नव्हती, म्हणून शिपायानं स्वतःची दिली. मास्तरांनी पहिला चेंडू टाकला. हुकला. दुसरा हुकला. तिसरा माझ्या नाकावर बसला.

“बाद?” साहेबांनी विचारलं.

“बहुतेक,” मी म्हणालो.

“बहुतेक म्हणजे? नियम काय आहे?”

“साहेब... तिकडे नाकाला धरत नाहीत.”

गल्ली फिदीफिदी हसत होती. चौथ्या चेंडूला मी डोळे मिटून धोपाटणं फिरवलं. चेंडू लागला! पण धोपाटणंही हातातून सुटलं, ते शिपायाच्या गुडघ्यावर आदळून मोरीत पडलं. “पळा!” सुशीला ओरडली, “मधू सांगायचा, मारल्यावर पळायचं असतं!” कुठे पळायचं ते ती बोलली नाही. मी पाण्याच्या टाकीला एक फेरी मारली, दोन मारल्या, तीन मारल्या. कधी थांबायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे मी पळतच राहिलो. साहेब लिहीत होते. शिपाई गुडघा चोळत होता. पाचव्या फेरीला मी मोरीच्या शेवाळावरून घसरलो आणि साहेबांच्या बुटांपाशी जाऊन थांबलो.

“संपला खेळ?” साहेबांनी विचारलं.

“माझ्या मते संपला, साहेब.”

झेंडा जप्त करून ते गेले. सोमवारी कचेरीत कोणी माझ्याशी बोलेना. मी टेबलाचा खण आवरायला घेतला. माझी बावीस वर्षांची नोकरी, दोन मुलांची शाळा, सगळं माझ्या मिजाशीपायी मातीत गेलं असं वाटून खरंच रडू येत होतं. अकराला आमच्या कचेरीतल्या साहेबांनी आत बोलावलं आणि नायब तहसीलदारांचा चौकशीचा अहवाल माझ्याकडूनच मोठ्यानं वाचून घेतला.

‘सदर कर्मचाऱ्याची समक्ष चाचणी घेतली असता, त्यांस राजकारण, खेळ अथवा अन्य कोणत्याही विषयाची समज असल्याचे आढळून आले नाही. सबब त्यांनी हेतुपुरस्सर प्रचार केला असणे संभवत नाही. निर्दोष.’

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग माझ्या फाइलवरची बशी बाजूला सारली.

“कोणत्याही विषयाची समज नाही, आणि तसं लेखी सरकारी प्रमाणपत्र!” ते म्हणाले. “अहो, हे आधीच जोडलं असतंत तर तीन वर्षांपूर्वीच हेडक्लार्क झाला असतात.”

आणि त्यांनी सही केली.