मनाच्या डॉक्टरशी सोयरिक

माझी ही फजिती मीच सांगून टाकतो राव. दुसऱ्या कुणी सांगितली तर तिखटमीठ लावून सांगेल, आणि तिखटमीठ लावायचा पहिला हक्क माझा!

आधी मी कोण ते ऐका. मी अवसरी बुद्रुकचा. शेती आहे, मंचरला बियाण्यांचं दुकान आहे, पण ती काही माझी ओळख नव्हे. माझी ओळख म्हणजे माईक. आमच्याकडे लग्नात मंगलाष्टकांच्या आधी तासभर पाहुण्यांचं स्वागत चालतं. कोण आलं, कुठल्या गावचं, कुणाचे जावई, कुणाचे व्याही, सगळं नावानिशी पुकारायचं. नाव राहिलं तर पाहुणा न जेवता गाडीला किक मारतो. जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुक्यांत हे काम चिठ्ठी न घेता करणारा माणूस एकच. माझ्याच तोंडून माझं नाव बरं दिसत नाही, पण कुणालाही विचारा.

आणि अनोळखी माणूस समोर बसू द्या, कपातला चहा संपायच्या आत मी त्याच्याशी नातं काढतो. ही फजिती झाली त्या वेळी नावं साठवणारे मोबाईल नुकते कुठे खिशात आले होते, पण माझ्यापुढे मोबाईलची काय बिशाद?

तर निरगुडसरला चुलतभावाच्या मुलाचं लग्न होतं. मांडव भरला होता. मी रंगात आलो होतो. घराण्यातल्या वडीलधाऱ्यांची नावं घेत घेत पुढे निघालो आणि मध्येच घसा बंद! छाती धडधडायला लागली, हाताला घाम, तोंडातून शब्द फुटेना. कुणीतरी माझ्या हातातून माईक काढून घेतला. माझ्या हातातून, राव!

त्यानंतर माईक नुसता दिसला तरी छातीत धडधड. रात्रीची झोप गेली. वैशाखात पुतणीचं लग्न ठरलेलं, आणि तिनं आधीच सांगून ठेवलेलं की माईकवर काकाच हवेत. आता तिच्या मांडवात मी मुका उभा राहणार?

मंचरच्या आमच्या डॉक्टरांनी छातीचा कागद काढला, पाहिला, म्हणाले की हृदय बैलासारखं आहे, दुखणं मनाचं आहे. बोलून बरं करणारी माणसं असतात, त्यांच्याकडे जा. पहिलाच माणूस पटेल असं नाही, दोन-चार ठिकाणी जा, मोकळं वाटेल तिथे थांबा.

म्हणजे स्थळंच बघायची की! मला हुरूप आला. या कामात माझा हात कोण धरणार?

पहिलं स्थळ नारायणगावला. तरुण पोरगा, शांत, डोळ्यांत माया. त्यानं विचारलं, काय त्रास होतो? मी म्हटलं, ते सांगतो, आधी गाव कोणतं? तो म्हणाला, येडगाव. झालं! येडगावात कुणाचे, मामा कुठले, बहीण कुठे दिली, करता करता तो माझ्या बहिणीच्या सुनेचा सख्खा मावसभाऊ निघाला. मी खूश. पण आता त्याच्यापुढे रडायचं कसं? सोयऱ्याला दुखणं सांगितलं तर ते संध्याकाळपर्यंत बहिणीच्या सासरी पोचणार. मी उठून त्याला टॉवेल-टोपी केली, जेवायचं आमंत्रण दिलं आणि धडधडती छाती घेऊन तसाच परत आलो.

दुसऱ्या बाई मंचरच्याच. भारी बाई! मी नुसता बसलो तरी त्यांना समजलं की याची झोप झालेली नाही. घसा बंद झाला तेव्हा कुणाचं नाव घेत होता, असं त्यांनी विचारलं. तो प्रश्न नेमका वर्मी लागला. हीच ती, हिच्याकडेच आपलं काम होणार, हे मला तिथेच कळलं. आणि म्हणून तर मी नातं पक्कं करायला घेतलं!

अर्ध्या तासात त्या माझ्या बायकोच्या चुलत आत्याच्या नातसून निघाल्या. मी टाळी वाजवली. बाईंचा चेहरा पडला.

"मग मला तुमच्याबरोबर काम करता येणार नाही," त्या म्हणाल्या.

"का? आता तर तुमी घरच्याच झाल्या."

"म्हणूनच."

बघा म्हणजे! आमच्याकडे नातं निघालं की कचेरीतला साहेबसुद्धा खुर्ची देतो. इथे नातं निघालं म्हणून मला बाहेर काढलं. घरी येऊन सांगितलं तर सुमन, म्हणजे आमची मंडळी, कपाळावर हात मारून म्हणाली, "तुमी दुखणं दाखवायला जाता का पावणं जोडायला?"

तिसऱ्या शेख मॅडम, जुन्नरच्या. त्यांचा पत्ता मंचरच्या बाईंनीच दिला होता. इथे सोयरिक निघायची सोय नव्हती, तरी माझी जीभ वळवळत होती. वडील कोण, पेठ कोणती, ओठांवर आलेलं सगळं गिळलं. तसा गप्प बसलो तर आतलंच बाहेर यायला लागलं.

निरगुडसरला मी माझ्या वडिलांचं नाव घेत होतो. त्यांच्या नावाआधी पहिल्यांदाच 'कैलासवासी' म्हणायचं होतं, आणि तेच तोंडातून निघेना.

मॅडमनी विचारलं, "वडील गेले तेव्हा तुम्ही काय करत होता?"

मी म्हटलं, "दहाव्याला माईक माझ्याकडंच व्हता."

खरंच होता. नदीच्या घाटावर श्रद्धांजलीला कोण कोण बोलणार, कुठल्या गावचं कोण आलंय, सगळ्यांची नावं मीच पुकारली. लोक म्हणाले, काय धीराचा माणूस! एक माझं नाव तेवढं पुकारायचं राहिलं. जुन्नरच्या त्या खोलीत मी पोरासारखा रडलो. लाज वाटली नाही, सांगतो तुम्हाला. बाप माझाच होता.

गुरुवारमागून गुरुवार जात राहिलो. झोप यायला लागली. मॅडमनी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगितली होती, की बाहेर कुठे भेटलो तर मी ओळख दाखवणार नाही, दाखवायची की नाही ते तुम्ही ठरवा.

पुतणीचं लग्न आलं. माईक हातात घेतला. 'कैलासवासी' म्हणालो, वडिलांचं नाव घेतलं. आवाज कापला, पण नाव पूर्ण झालं. पुतणी मुंडावळ्या सावरत माझ्याकडे बघून हसली. काय वाटलं म्हणून सांगू! आणि मग मी सुटलो. गावंच्या गावं पुकारली.

तेवढ्यात वरपक्षाच्या बायकांत शेख मॅडम दिसल्या. नवरदेवाच्या घराच्या शेजारीण होत्या म्हणे. मला बघून त्यांनी मान दुसरीकडे वळवली, ठरल्याप्रमाणे.

आता मला सांगा, मांडवात आलेल्या पाहुण्याचं नाव न घेता मी राहू शकेन का? तेही माझा आवाज परत देणाऱ्या पाहुणीचं?

मी पुकारलं, "जुन्नरहून आलेल्या शेख मॅडम यांचं सहर्ष स्वागत! माझ्या मनावर उपचार मॅडमच करतात, दर गुरुवारी!"

मॅडमनी डोळे मिटून घेतले. भाऊ स्टेजवरून माझ्याकडे असा बघत होता की अक्षता माझ्या डोक्यावर पडतात की काय!

पण गंमत ऐका. पंगतीत मोठमोठ्या मिशांची माणसं एकेक करून माझ्या कानाशी लागली. कुणाला मेव्हण्यासाठी पत्ता हवा होता, कुणाला शेजाऱ्यासाठी. स्वतःसाठी कुणालाच नको, हेही एक नवलच. दोन्ही तालुक्यांत या दुखण्याचं नाव माईकवर घेणारा पहिला माणूस मी. छाती फुगवूनच घरी आलो.

घरी सुमन शालूची घडी घालत होती. म्हणाली, "मला बी द्या की एक पत्ता."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"तुला काय झालंय?"

तिनं घडी खाली ठेवली. "लोक तुमाला मांडवात तासभर ऐकत्यात आन् जेवून घरी जात्यात. मी लग्न झाल्यापास्नं ऐकतीय. माझं कोन ऐकनार?"

काय सांगू राव, माईक नव्हता, मांडव नव्हता, समोर बायको एकटी, आणि माझा घसा पुन्हा बंद झाला.