कोपीवर पडलेला कोयता

ट्रक वेशीत हॉर्न देत होता आणि मी घराला माती लिंपत होते. दसरा होऊन चार दिवस झाले होते. आम्ही सगळे ऊसतोडीला निघालो होतो, मागे राहणार होते एकटे सासरे. हिवाळ्यात म्हाताऱ्याला गारठा लागू नये म्हणून मी भिंतीची एकूणएक भेग बुजवली, दाराखाली चिंध्या कोंबल्या आणि शिडी लावून छताचं धुराडंसुद्धा पोत्यानं गच्च बंद केलं. वय वर्षं वीस, कडेवर पाच महिन्यांचा भास्कर, आणि अक्कल मात्र माहेरीच राहिलेली.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ट्रकमधून उतरून घरापाशी आल्या. वर बघून म्हणाल्या, "समदं बुजवलंस व्हय? आता घरानं नाक कुठनं काढावं?" पोतं ओढून काढलं आणि परत ट्रकमध्ये जाऊन बसल्या. कारखाना येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. माझं काम चारचौघांत उसकटलं होतं ना.

सुलाबाई, तुम्ही माझ्या धाकट्या जाऊबाई, पण तेव्हा तुम्ही घरात आला नव्हता. म्हणून हे तुम्हाला लिहितेय. आणि पुण्याला जी पोरं पांगली आहेत ती गावी आली की त्यांनाही वाचून दाखवा. मी चाळीसएक वर्षं ही गोष्ट खोटी सांगत आलेय.

कारखान्याच्या तळावर बांबूच्या चटया वाकवून कोपी उभी करायची, वरून उसाचं पाचट टाकायचं, की झालं घर. वर शेंड्याला वीतभर फट ठेवतात. पौषात तिथला वारा असा, की सकाळी कोयता हातात धरवत नाही. मी खताच्या रिकाम्या गोण्या उसवल्या, एकीला एक शिवल्या आणि सगळ्या कोपीला आतून अस्तर लावलं. शेंड्याची फटही सोडली नाही. अख्ख्या तळावर अशी कोपी कुणाची नव्हती.

त्या दिवशी दिवस मावळताना मी चूल पेटवली, भास्करला वर झोळीत घातलं आणि दाराला गोणी सोडून बाहेर आले. कशाला? शेजारणींना कोपी दाखवायला. त्यांना म्हणाले, "बघा, धूरसुद्धा भाईर जाऊ देत न्हाई माजी कोपी." तेवढ्यात आत्याबाई डोक्यावर उसाच्या वाढ्यांची मोळी घेऊन आल्या. सगळ्या कोप्यांच्या शेंड्यांतून धूर निघत होता, आमच्या कोपीतून तेवढा निघत नव्हता. त्यांनी मोळी टाकली, कमरेचा कोयता काढला आणि मागची चटई वरपासून खालपर्यंत फाडली. धुराचा लोट बाहेर आला. त्यामागून आत्याबाई आल्या, हातात भास्कर. मान टाकलेली, नाकाखाली काजळी. त्यांनी त्याला पालथा धरून पाठीवर थापट्या मारल्या. दोन, तीन, चार. मग तो रडला.

आणि मी काय म्हणाले असेन? "आत्याबाई, नवी चटई हुती ती."

आजही ते वाक्य आठवलं की त्या पोरीच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. पण ती पोरगी मीच, हात पोचत नाही.

रात्री माझे मालक विचारू लागले, कोपी कशानं फाटली. आत्याबाई म्हणाल्या, "माज्याच हातनं कोयता लागला. म्हातारी झाले मी." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मीही गप्प बसले. पुढं घरात तो विनोदच झाला. आजीनं भर थंडीत कोपी फाडली, ही गोष्ट मी स्वतः भास्करला तिखटमीठ लावून सांगितली. त्या गेल्यानंतरही सांगितली.

आता तो सुप्याच्या एमआयडीसीत सुपरवायझर आहे. त्याची मुलगी, माझी नात कोमल, बाळंतपणाला आलीय. थंडीच्या आधी भास्करनं तिच्या खोलीला स्लायडिंगची खिडकी बसवली, कडेनं रबर लावलं, दाराखाली पट्टी ठोकली. मुंगी आत यायची नाही असं काम. गेल्या आठवड्यात संध्याकाळी सुनेनं कोमलच्या बाळाला शेक द्यायला निखाऱ्यांची शेगडी आत ठेवली, दार लावलं. मी उठले आणि खिडकी वीतभर सरकवली. सुनेनं बंद केली. मी पुन्हा उघडली.

"आजी, बाळाला सर्दी होईल गं," कोमल म्हणाली.

भास्कर हसला. "आये, तू बी आजीच्या वळणावर चालली. तिनं कोपी फाडली, तू खिडकी उघड."

सगळे हसले. सवयीनं मीही हसायला तोंड उघडलं, पण बाळ शेगडीपाशी झोपलं होतं. मी म्हणाले, "शेगडी भाईर काढा आधी. मग सांगते, कोपी का फाडली."

आणि सांगितलं. धुराचं, मान टाकल्याचं, आणि चटईचंही. ते वाक्यही जसंच्या तसं सांगितलं. सून शेगडी घेऊन केव्हा बाहेर गेली, कळलं नाही. भास्कर बाळाकडे बघत होता. मला वाटलं, आता हा माझ्याशी बोलायचा नाही. मग म्हणाला, "आजी गेली तवा पण मी तीच गोष्ट सांगून लोकांना हसवत हुतो."

"मीच शिकवली हुती तुला."

तो उठला, खिडकी स्वतः वीतभर सरकवली आणि परत मिटू नये म्हणून खोबणीत लाकडाची खुंटी ठोकली. जाता जाता म्हणाला, "चटई खरंच नवी हुती का गं?"

आता मला घर कोणतं, असं कुणी विचारलं तर सांगता येत नाही. कोपी दरसाल मोडली, सुप्याची खोली पोराची. जामखेडकडचं गावचं घर कुलपात, किल्ली तुमच्याकडं. पण थंडीच्या दिवसांत कुठल्याही घरासमोर उभी राहिले की आधी वर बघते, याचं नाक कुठंय. आत्याबाईंनी मला दिलेलं घर तेवढंच.

सुलाबाई, औंदा गावात गारठा लई आहे म्हणतात. आमच्या घराच्या भेगा लिंपून घ्या. धुराडं मात्र बुजवू नका, आत कुणी नसलं तरी.