ह खाणारी इंग्रजी

गाव सोडलं त्या सकाळी आय मला स्टँडवर सोडायला आली नाही. होड्या नुकत्याच लागल्या होत्या, बंदरावर लिलाव सुरू होता आणि तिच्या टोपलीत अजून काही पडलं नव्हतं. मी बॅग घेऊन तिच्याजवळ गेले. तिनं ओले हात लुगड्याला पुसले, माझ्या गालावरून बोटं फिरवली आणि म्हणाली, "बाय, तिकरं कुनी काय बोल्लं नि तुला नाय कललं, तर हो म्हनू नको. परत इचार. इचारल्यानं तोंड झिजत नाय." एवढं बोलून ती पुन्हा लिलावाकडे वळली.

हे वाचणाऱ्या तुम्हा गावकऱ्यांपैकी जे मस्कतला गेलात, कॅनडाला गेलात, ते हसाल. उरणजवळच्या कोळीवाड्यातून पनवेलला जाणं, हे काय गाव सोडणं झालं? पण ही दोन हजार नऊ-दहाच्या सुमाराची गोष्ट आहे. न्हावा शेव्याच्या ट्रेलरांनी रस्ता धरला की एका तासाच्या प्रवासाला तीन तास लागायचे, आणि मला नऊच्या ठोक्याला ऑफिसात हजर राहायचं होतं. म्हणून पनवेलमध्ये रुकय्याखाला नावाच्या बाईंच्या घरी वरच्या मजल्यावरची खोली भाड्यानं घेतली. सोमवार ते शनिवार पनवेल, रविवारी घर.

ऑफिस होतं जहाजांच्या एजंटाचं. जहाज बंदराला लागलं की त्याचं पिण्याचं पाणी, किराणा, कागदपत्रं, कुणी आजारी पडलं तर डॉक्टर, हे सगळं आम्ही बघायचो. मी बी.कॉम., शाळा मराठी माध्यमाची. इंग्रजी वाचायला यायचं, लिहायलाही जमायचं. कानाला मात्र ते नुसतं पाण्यासारखं लागायचं, कुठे एक शब्द संपला आणि कुठे दुसरा सुरू झाला काही कळायचं नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका कप्तानाचा फोन आला. तो काहीतरी विचारत होता, मी "येस सर, ओके सर" म्हणत होते. त्यानं पाण्याची बार्ज, म्हणजे जहाजाला पाणी पोचवणारी सपाट बोट, दुपारऐवजी सकाळी पाठवता येईल का, असं विचारलं होतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. माझ्या "येस"वर विसंबून जहाज थांबलं आणि सकाळी बार्ज काही आली नाही. आयनं जे करू नको म्हणून बजावलं होतं, नेमकं तेच मी केलं होतं. साहेब ओरडले नाहीत. "सुरेखा, उद्यापासून फोन तू घेऊ नकोस," एवढंच म्हणाले आणि माझ्या टेबलावरचा फोन उचलून पलीकडे ठेवला. मी फायली लावू लागले. महिन्याभरात मला घरी पाठवणार, हे मी मनाशी धरूनच चालले होते.

त्या रविवारी मी गावी गेले नाही. रुकय्याखालांचा मुलगा मुनाफ शारजाहून सुट्टीवर आला होता. खालांशी व्हिडिओवर बोलता यावं म्हणून तो घरात कॉम्प्युटर बसवत होता. माझा उतरलेला चेहरा बघून खालांनी मला सगळं सांगायला लावलं आणि लेकाला म्हणाल्या, "मुनाफ, इस बच्ची को कुछ बता. तूही तर गेलास तेव्हा कोरा होतास." मुनाफ म्हणाला, "पॉडकास्ट ऐक. रेडिओच असतो, पण आपल्याला हवा तेव्हा लावायचा आणि हवा तितक्यांदा मागे न्यायचा." त्यानं स्वतःच्या जुन्या एमपीथ्री प्लेअरमध्ये दहा-बारा भाग भरून दिले.

पहिल्या भागात एक बाई मधमाश्यांबद्दल बोलत होती. वीस मिनिटांत मला दोन शब्द लागले, हनी आणि विंटर. तोच भाग मी भांडी घासताना, कपडे वाळत घालताना पुन्हा पुन्हा ऐकला. जे ऐकू येईल ते वहीत देवनागरीत लिहायचे, 'वॉराया', 'गोनादू', 'शुडाव'. डिक्शनरीत हे शब्द सापडेनात. सापडणार कसे? ते शब्द नव्हतेच, दोन-दोन, तीन-तीन शब्द एकमेकांत वितळले होते. 'शुडाव' म्हणजे 'शुड हॅव' हे ज्या दिवशी उलगडलं, त्या दिवशी गाठ सुटावी तशी पुढची चार वाक्यं सरसर सुटली. मग मला त्याचा नादच लागला. अर्थापेक्षा ही माणसं नक्की काय गिळतात, याचंच कुतूहल जास्त.

आणि मग एका शनिवारी, गव्हाण फाट्याजवळ बस ट्रेलरांमागे अडकलेली असताना, गोदीत आयुष्य काढलेल्या एका इंग्रज म्हाताऱ्याची मुलाखत कानावर पडली. तो हार्बरला 'आर्बर' म्हणत होता, हाऊसला 'आऊस'. मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. तेच! शाळेत बाईंनी मला किती वेळा उभं केलं असेल, "आमी नाही, आम्ही. ह खाऊ नकोस." आणि इथे खुद्द इंग्लंडचा माणूस खुशाल ह खात होता! मी बसमध्ये एकटीच खदखदा हसले. शेजारची बाई सरकून बसली.

सहा-सात महिने असे गेले. एका दुपारी जहाजावरच्या एका इंजिनिअरला पनवेलच्या हॉस्पिटलात आणलं. साहेब बंदरावर अडकले होते, म्हणून हॉस्पिटलात द्यायची कागदपत्रं घेऊन मला पाठवलं. साठीकडे झुकलेला लालबुंद गोरा माणूस, पोट धरून पडलेला. अपेंडिक्स होतं, ऑपरेशनची तयारी चालली होती. तो डॉक्टरांचा हात धरून पुन्हा पुन्हा काहीतरी म्हणत होता. वेदनेनं त्याचे शब्द दातांतच राहत होते.

"ओल्ड, ऑल असं काहीतरी म्हणतोय," तरुण डॉक्टर मला म्हणाले. "वय झालंय, भीती वाटतेय, दुसरं काय."

मी कागद पुढे करून निघू शकले असते. पण ते 'ओल्डॉल' माझ्या कानात अडकलं. यानं ह खाल्ला असेल तर? ह परत लावून बघितला, आणि होल्डॉल! आमच्याकडेही बाबांचा होता, अंथरूण बांधायचा. मी वाकून विचारलं, "होल्डॉल? बॅग? युवर बॅग?"

त्याचे डोळे भरून आले. "मी टॅब्लेट्स, लव्ह. इन मी ओल्डॉल. फॉर द ब्लड."

मला लव्ह म्हटल्यावर मी गोंधळले, पण त्याचं 'मी' म्हणजे 'माय', हे धरून बाकीचं कळलं होतं. तरी मी पुन्हा विचारलं, "फॉर द ब्लड?" तो मान डोलावत राहिला. त्याला घेऊन आलेल्या ऑफिसच्या गाडीतच त्याची बॅग राहिली होती. मी धावत जाऊन ती आणली. तळाशी मोज्यांत गुंडाळलेली गोळ्यांची बाटली होती. डॉक्टरांनी ती वाचली आणि आत जाऊन तयारी थांबवली. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या होत्या. नोकरी जाईल म्हणून त्यानं हे जहाजावर कुणालाच सांगितलं नव्हतं. "तसंच घेतलं असतं तर रक्त आवरलं नसतं," डॉक्टर म्हणाले. आधी त्याचं रक्त सांभाळून मग ऑपरेशन केलं. दहा दिवसांनी तो विमानात बसला.

जाण्याआधी त्यानं मला विचारलं, कुठे शिकलीस? मी म्हणाले, पॉडकास्टवर. तो म्हणाला, माझं बोलणं लंडनवाल्यांनाही कळत नाही. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले तर फोन पुन्हा माझ्या टेबलावर होता. मी त्या दिवशीच्या पहिल्याच फोनवर "सॉरी, प्लीज रिपीट" असं तीनदा म्हटलं.

आता पनवेलमध्ये माझा स्वतःचा फ्लॅट आहे. कुणी गाव विचारलं तर तोंडातून आधी पनवेलच निघतं, आणि मग क्षणभर कुणाशी तरी खोटं बोलल्यासारखं वाटतं. कोळीवाड्यात पहिल्याइतक्या होड्या नाहीत. माझ्या वयाचे निम्मे गोदामांत, निम्मे तुमच्यासारखे बाहेर. आय माझ्याकडे दोन दिवसांच्यावर राहत नाही.

परवाच्या रविवारी मी गावी, आयच्या अंगणात पॉडकास्ट ऐकत बसले होते. आय बोंबील वाळत घालत होती. "काय एवरं ऐकतंस गो? दे बघू," म्हणत तिनं इयरफोनची एक बोंडी कानात घातली. तिकडे एक बाई हळूहळू काही सांगत होती. आय डोळे मिटून जरा वेळ ऐकत राहिली.

"ही रडून आलीय," ती म्हणाली. "तोंड धुतलंय, पन आवाज नाय धुतला."

मी थक्क झाले. ती बाई सांगत होती, आईवडील गेल्यावर समुद्राकाठचं घर बंद करून ती शहरात कशी आली. इतकी वर्षं ऐकूनही मला तिच्या आवाजात फक्त शब्द ऐकू येत होते. आयला एकही शब्द कळला नव्हता.

मी ते थांबवून तिला मराठीत सगळं सांगितलं. हातातला बोंबील तसाच धरून ती ऐकत होती.

"मंग? जाते का परत घरी?"

"अजून सांगितलं नाय तिनं."

"मंग थांबवलंस कशाला? लाव पुरचं," आय म्हणाली आणि माझ्याजवळ सरकून बसली.