काशीमायची पिवळी माती

आव्यातून मडकी भाजून निघाली की काशीमाय त्यातलं एक चांगलं धडधाकट मडकं उचलायची आणि दगडावर आपटायची. खापराची कड निरखून झाली की मगच बाकीची विकायला काढायची. येरमाळ्याजवळच्या त्या गावात मी नवी सून म्हणून आले, तेव्हा शेजारच्या कुंभारणीचा हा उद्योग बघून मला हसू आवरेना.

"हसायलीस काय पोरी? वरून गेरू लावला की समदीच लाल दिसत्यात. आतून भाजलंय का, ते फोडल्याबिगर कळतंय व्हय?"

"हिला मुलगी बघायला कदी नेऊ नये," माझ्या सासूबाई म्हणायच्या.

निजामी अमलाच्या शेवटच्या वर्षी धामधूम वाढली आणि आम्ही सगळे गाव सोडून बार्शीकडे गेलो. जाताना ज्वारीचं बियाणं भिंतीतल्या बळदात भरलं. काशीमायनं त्याचं तोंड पिवळ्या मातीनं जाड लिंपून दिलं.

निजामी संपल्यावर परतलो, तर घरातला कडबा कुणीतरी पेटवून दिलेला. भिंती काळ्याठिक्कर आणि बळदाचं तोंड गेरूसारखं लालभडक. सासऱ्यांनी त्या लाल लिंपणावरून हात फिरवला. धग लागलेलं बी दिसायला तसंच दिसतं, पण उगवत नाही. गावात दुसरं बियाणं नव्हतं. मूठभर भिजवून मोड येतात का बघावं, तर तोवर रानातला वाफसा, पेरणीजोगी ओल, उडून गेला असता.

काशीमायनं खुरप्यानं लिंपणाचा ढलपा उचकटला, मोडला आणि त्याची कड उजेडात धरली.

"अण्णा, पिवळी माती भाजली की लाल होती. ही बघा, वरून नखभर लाल, आत समदी पिवळीच. धग आत गेली न्हाय. पेरा बिनघोर."

सासऱ्यांनी पेरलं. रानात हिरव्या ओळी दिसल्या, तेव्हा मला रडूच आलं. तेवढ्यात काशीमाय आली, वाकली आणि त्यातलं एक टवटवीत रोप तिनं उपटलं.

"अगं माय, आता तरी गप ऱ्हा की!" सासूबाई ओरडल्या.

काशीमायनं पांढरीशुभ्र मुळं बोटानं चाचपली आणि बांधावरच बसकण मारली. डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "मडक्याचं मला कळतंय, बाई. बियाचं कुठं कळतंय? पेरलं तवापासून घशाखाली घास उतरला न्हाय माझ्या."

सासूबाईंनी फडक्यातली भाकरी तिच्यापुढं ठेवली. पेरून उरलेल्या ज्वारीचीच होती. ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खाऊन होईतो आम्ही दोघी तिच्याजवळ बसून राहिलो.